शाळेत ‘सायबरचं’ तुमच्या गळ्यात पडलंय? मग इथून सुरू करा

जूनमधे शाळा उघडली की पहिल्या स्टाफ मीटिंगला कामं वाटली जातात, स्नेहसंमेलन एकीकडे, सहल एकीकडे, शिष्यवृत्तीचे जादा तास कोणाकडे तरी, आणि सगळं वाटून झाल्यावर मुख्याध्यापकांच्या कागदावर खाली एक ओळ उरते, ‘सायबर सुरक्षा’. मग सगळे एकमेकांकडे बघतात आणि ज्याला प्रिंटरमधे अडकलेला कागद काढता येतो त्याच्या नावापुढे ती ओळ जाते. माझं असंच झालं. मी गणिताची बाई, कोथरूडच्या बाजूची आमची शाळा, सेमी इंग्लिश, एक कॉम्प्युटर लॅब आणि तिच्यातले निम्मे माऊस गायब. चुकत चुकत शिकले, त्यातल्या काही चुका माझ्या होत्या आणि भोगल्या दुसऱ्यांनी. तुम्ही यंदा नवीन असाल तर कुठल्या क्रमाने काय करायचं ते सांगते. खरेदीच्या गोष्टी, म्हणजे ते महागडं सॉफ्टवेअर वगैरे विकायला येतात ना, त्यांना चहा पाजा आणि दिवाळीनंतर या म्हणा.

आधी एक वही घ्या

पहिला आठवडा काहीही बदलू नका, नुसतं लिहून काढा. शाळेच्या नावावर कुठली कुठली अकाउंट आहेत, पासवर्ड कोणाला माहितीये, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओटीपी कोणाच्या मोबाईलवर जातो. शाळेचा जीमेल, यूडायस प्लस आणि सरल (शाळेची, मुलांची माहिती भरायची सरकारी पोर्टलं), शालार्थ (शिक्षकांच्या पगाराचं पोर्टल), पोषण आहाराचं अ‍ॅप, फेसबुक पेज, यूट्यूब चॅनेल, फीचं अ‍ॅप, सीसीटीव्ही, वायफाय. आमच्याकडे हे लिहायला बसले तेव्हा कळलं की शाळेच्या मुख्य जीमेलचा रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड विसरला की ज्यावर कोड येतो तो, रिटायर झालेल्या क्लार्कचा आहे, ते बिचारे गावी शेती बघतात, आणि त्यांनी नंबर बदलून वर्ष झालं होतं, म्हणजे तो जुना नंबर आता कंपनीने कोणाला दिलाय देव जाणे. सरलचा पासवर्ड ऑफिसमधे पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून कपाटाला चिकटवलेला, आणि तोच पासवर्ड कोपऱ्यावरच्या नेट कॅफेवाल्यालाही पाठ, कारण फॉर्म भरायचे दिवस आले की आम्ही सगळे त्याच्याकडेच पळतो. सातशे मुलांची नावं, जन्मतारखा, आधार, आईवडिलांचे नंबर त्याच्या स्क्रीनवर. माणूस चांगला आहे हो, पण त्याच्याकडे कामाला येणारी पोरं दर चार महिन्यांनी बदलतात.

ही यादी पूर्ण झाली की तुमचं अर्धं काम झालं असं समजा, खरंच.

मग कुलपं बदला

रिकव्हरी नंबर आणि ईमेल शाळेच्या स्वतःच्या सिमवर आणा. शाळेसाठी एक साधा फोन आणि एक सिम घ्यायला लावा, मुख्याध्यापक कुरकुर करतील, घ्यायला लावाच. मग पासवर्ड. शाळेचं नाव, ॲट, १२३ हा पासवर्ड पुण्यातल्या किती शाळांचा असेल याची मी पैज लावायला तयार आहे. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा, लांब पासवर्ड तोडायला अवघड आणि लक्षात ठेवायला सोपा. प्रत्येक अकाउंटला वेगळा. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोडही लागतो, ती चालू करा, त्यात फोन हाताशी नसला तर वापरायला गूगल जे बॅकअप कोड देतं त्याचं प्रिंट काढून पाकिटात घालून जनरल रजिस्टर ठेवतात त्या कुलपाच्या कपाटात ठेवा. ते कपाट आग लागली तरी आधी बाहेर काढतील, त्याच्याएवढी सुरक्षित जागा शाळेत दुसरी नाही.

शाळेचं स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, असेल तर गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनची मूळ आवृत्ती शाळांना फुकट मिळते. प्रत्येक शिक्षकाला आपलं आपलं अकाउंट द्या, एकच जीमेल बाराजणांनी वापरायचा हा प्रकार बंद. मुलांना अकाउंट देणार असाल तर ती अठरा वर्षांखालची म्हणून नोंदवा आणि बाहेरचे मेल त्यांना येणार नाहीत, जाणारही नाहीत असं सेटिंग करा.

लॅब आणि वायफाय, थोडक्यात

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मधेच रामराम केला आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा लॅबमधली जुनी मशीनं बघा. जी नव्या विंडोजला चालत नाहीत त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टीम टाका, नाहीतर नेट काढून नुसती टायपिंगला ठेवा. मुलांचं लॉगिन साधं, अ‍ॅडमिनचं नाही, म्हणजे वाट्टेल ते इन्स्टॉल होत नाही.

पेनड्राईव्ह हा आमच्याकडचा खरा शत्रू. प्रश्नपत्रिका झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राईव्हवर जाते, तिथल्या मशीनमधून शॉर्टकट व्हायरस घेऊन परत येते, आणि सहामाहीच्या आदल्या दिवशी सगळ्या फायली गायब. आता आम्ही पीडीएफ मेल करतो किंवा प्रिंट शाळेतच. बॅकअप तीन ठिकाणी हवा, त्यातला एक शाळेच्या बाहेर.

वायफायची दोन नावं करा, स्टाफचं वेगळं, पाहुण्यांचं वेगळं, आणि राऊटरमधे डीएनएसच्या (साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा फॅमिली पत्ता टाका, फुकट आहे, व्हायरसवाल्या आणि अश्लील साइट बऱ्याच अंशी अडतात. बऱ्याच अंशी म्हणतेय कारण नववीतल्या मुलाला व्हीपीएन, म्हणजे असे अडथळे चुकवायची युक्ती, माहिती असतं, आणि नसलं तरी त्याच्या खिशातल्या मोबाईलला तुमच्या राऊटरची गरजच नाही.

सीसीटीव्हीचं मात्र जरूर बघा. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मधे सरकारने शाळांना कॅमेरे सक्तीचे केले, मग सगळ्यांनी घाईघाईत बसवून घेतले, आणि बसवणारा माणूस डीव्हीआरचा (रेकॉर्डिंगच्या डब्याचा) कंपनीतून आलेला पासवर्ड तसाच ठेवून मोबाईलवर लाइव्ह चालू करून देऊन गेला. मुलांच्या सुरक्षेसाठी लावलेला कॅमेरा बाहेरचा कोणीही बघू शकतोय, याला काय म्हणायचं. पासवर्ड आजच बदला, आणि ते लाइव्ह कोणाकोणाच्या फोनवर चालू आहे ते वहीत लिहा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, इथे वेळ घाला

शाळेचं निम्मं आयुष्य या ग्रुपांवर चालतं आणि निम्मी भांडणंही. आधी माझी चूक सांगते. नववीच्या पालकांच्या ग्रुपवर मला सहलीची यादी टाकायची होती, आणि मी टाकली ती एक्सेल ज्यात मुलांचे आधार नंबर, जात, पत्ता सगळं होतं, कारण दोन्ही फायलींची नावं ‘९ वी अ फायनल’. तीन तासांनी एका पालकांनी सौजन्याने फोन करून सांगितलं. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ साधारण अडीच दिवसांपर्यंत करता येतं, केलं, पण तोवर ज्यांच्या फोनमधे ती उतरली त्यांच्याकडून कशी काढणार? चव्वेचाळीस घरांना एकेक फोन केला, फाइल काढून टाका म्हणून, आणि त्याच रात्री मुख्याध्यापकांना स्वतःहून सांगितलं. ते चिडले, पण दुसऱ्या दिवशी म्हणाले की बरं झालं तुम्हीच सांगितलंत, बाहेरून कळलं असतं तर पालकसभेत तोंड दाखवता आलं नसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर पालकांच्या ग्रुपचे आमचे नियम असे झाले. फक्त अ‍ॅडमिन पाठवणार, पालकांनी वैयक्तिक प्रश्न डायरीत लिहायचा किंवा ऑफिसला फोन. शक्यतो कम्युनिटीचा घोषणा ग्रुप करा, त्यात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. साध्या ग्रुपमधे एका आईचा नंबर पन्नास अनोळखी लोकांकडे जातो आणि मग तिला ‘गुड मॉर्निंग’ सुरू होतात, हे आमच्याकडे झालंय. दोन अ‍ॅडमिन, त्यातला एक शाळेचा फोन. विद्यार्थ्यांच्या यादीची फाइल ग्रुपवर कधीच नाही. शिक्षक आणि विद्यार्थी यांचं खासगी चॅट नाही, गणित अडलं तरी नाही, मुलांच्या वर्गाच्या ग्रुपवर विचारायचं जिथे दुसरे एक शिक्षक असतात. संध्याकाळी सातनंतर उत्तर नाही. सुरुवातीला रात्री साडेदहाला ‘बाई उद्या चित्रकलेची वही आणायची का’ येत राहील, तुम्ही उत्तर दिलंत की संपलं, मग पुढच्या वर्षीपर्यंत येत राहणार.

हे नियम मुलांसाठी आहेत तितकेच स्टाफसाठी. आमच्या एका नवीन मॅडमचा स्नेहसंमेलनातला फोटो कापून कोणीतरी स्टिकर बनवलं आणि ते तीन शाळांत फिरलं, मॅडम चार दिवस आल्या नाहीत. तेव्हा सगळे म्हणत होते, जाऊ द्या हो पोरं आहेत. जाऊ कसं द्यायचं? तरुण शिक्षिकांना सांगा, डीपी ‘फक्त कॉन्टॅक्ट’वर, इन्स्टा प्रायव्हेट, पालकांना नंबर शाळेचा. आणि पहिला असा प्रकार झाला की त्या एकट्या पडणार नाहीत हे मीटिंगमधे मुख्याध्यापकांच्या तोंडून वदवून घ्या.

स्टाफचे पैसेही सांभाळायला लागतात. संस्थेच्या अध्यक्षांचा डीपी लावून नव्या नंबरवरून ‘मीटिंगमधे आहे, अर्जंट पाठवा’ असा मेसेज ऑफिसला आला तर पैसे मागणाऱ्याला आपण फोन करायचा, तोही आपल्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर, कारण आवाजाची नक्कल करणं आता फार सोपं झालंय. शिपाई मामांना आणि मावशींना वेगळं बसवून दाखवा, पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमधे अ‍ॅप बसवणारी) उघडायची नाही, आणि ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कायद्यात अस्तित्वात नाही, व्हिडिओ कॉलवर पोलिस कोणाला अटक करत नाहीत. मीटिंगमधे सगळ्यांसमोर हे सांगितलं तर ती मंडळी मान डोलावतात आणि विचारत काही नाहीत.

फोटो आणि संमती

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येकजण मूलच, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितलंय. तेव्हा प्रवेशाच्या वेळीच एक कागद, त्यावर वेगवेगळ्या चौकटी: फोटो शाळेच्या फळ्यावर चालेल का, फेसबुक पेजवर चालेल का, वर्तमानपत्रात चालेल का. एकच सही आणि सगळ्याला हो, असं नको. अपार आयडीच्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या देशभर चालणाऱ्या ओळख क्रमांकाच्या, संमतीचंही तेच, वरून कितीही फोन येवोत, पालकांच्या वतीने आपण टिक मारायची नाही.

पेजवर टाकताना समूहाचे फोटो टाका, नावं नकोत. गणवेश, पूर्ण नाव, इयत्ता आणि मागे व्हॅनवाल्या काकांची गाडी, एवढं एका फोटोत आलं की अनोळखी माणसाला मुलाशी ‘तुझ्या बाबांनी पाठवलंय’ म्हणून बोलायला पुरे.

मुलांशी बोलायचं कसं

हॉलमधे चारशे मुलं बसवून पाहुण्यांचं दीड तासाचं भाषण, हे फोटोपुरतं ठीक आहे. खरं काम वर्गात होतं, पंचवीस मिनिटं, ऑफ तासाला, आणि बोलायला सुरुवात करायच्या आधी कोऱ्या चिठ्ठ्या वाटायच्या, नाव न घालता लिहा, ऑनलाइन तुमच्या बाबतीत झालेली एक गोष्ट जी घरी सांगितली नाही. मी पहिल्यांदा सातवीत केलं तेव्हा वाटलं दोनचार येतील, चाळीसातल्या एकतीस चिठ्ठ्यांवर काहीतरी होतं.

तिसरी-चौथीला आईचा फोन असतो, त्यांना एवढंच सांगा की काही विचित्र दिसलं तर फोन उलटा ठेवायचा आणि मोठ्यांना हाक मारायची. पाचवी ते सातवीत गेम. फ्री फायर मॅक्समधे फुकट डायमंड देतो म्हणून ओटीपी मागणारे, आणि हेडफोनवर रोज खेळणारा ‘दादा’ ज्याला कोणी पाहिलेलं नाही. आठवीपासून इन्स्टाग्राम आणि तिथले फोटो. इथे मुलग्यांशी एक गोष्ट सरळ बोला, आडवळण नको. अ‍ॅपमधे वर्गातल्या मुलीचा फोटो टाकून तिचा नग्न फोटो बनवणं त्यांना गंमत वाटते, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब लहान मुलांची अशी चित्रं बनवणं, बघणं, साठवणं, पुढे पाठवणं सगळ्यालाच लागतं, मोठ्या माणसाला पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि मुलाला बाल न्याय मंडळापुढे उभं राहावं लागतं. ‘मी बनवला नाही, फक्त फॉरवर्ड केला’ हे चालत नाही. हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता होते ना, त्यात दोघंतिघं खाली बघत असतात, त्यांना हेरून ठेवा, ओरडायला नाही, नंतर बोलायला.

शेवटची पाच मिनिटं एकच प्रश्न. तुझ्या बाबतीत असं झालं तर शाळेतल्या कुठल्या मोठ्या माणसाला सांगशील? लिहून दे. आमच्याकडे निम्म्या मुलींनी ग्रंथालयातल्या ताईंचं नाव लिहिलं, ज्यांना कोणी कुठल्याच समितीत घेतलं नव्हतं. मग त्यांना मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीत घेतलं आणि तक्रारपेटी ऑफिसच्या दारातून काढून ग्रंथालयाच्या जिन्याखाली लावली. ऑफिसच्या दारात, सगळ्यांदेखत, कोण चिठ्ठी टाकणार होतं?

मूल सांगायला आलं, आता पहिला तास

बाकी सगळं विसरलात तरी हे वाचा. काही वर्षांपूर्वी आठवीतला एक मुलगा माझ्याकडे आला, कोणीतरी मुलगी बनून त्याच्याकडून फोटो घेतला होता आणि आता पाच हजार मागत होते. मी काय म्हणाले माहितीये? ‘तू इन्स्टा वापरतोसच का? वय काय तुझं?’ तो गप्प झाला, डोळे पुसले आणि ‘काही नाही बाई’ म्हणून गेला. पुढे दोन आठवडे तो आईच्या फोनवरून थोडे थोडे पैसे पाठवत राहिला. ते माझं वाक्य मला अजून झोपू देत नाही कधीकधी.

तेव्हा पहिलं वाक्य आधीच पाठ करून ठेवा: ‘बरं झालं सांगितलंस, तुझी चूक नाही, आता आपण दोघं मिळून बघू.’ वापरायला नको होतं वगैरे चर्चा पुढच्या महिन्यात करता येते.

मग दार उघडं असलेल्या खोलीत बसवा, पाणी द्या. त्याचा फोन हातात घेऊन स्वतः चाळत बसू नका. नग्न फोटो असेल तर तुम्ही त्याचा स्क्रीनशॉट काढायचा नाही, आपल्या फोनवर मागवायचा नाही, पुरावा म्हणून मुख्याध्यापकांना तर अजिबात पाठवायचा नाही, तो तुमच्या फोनमधे असणं हाच गुन्हा होऊ शकतो. समोरच्याचं यूजरनेम, प्रोफाइलची लिंक, नंबर, यूपीआय आयडी, वेळ, हे कागदावर लिहा. धमकीचे मेसेज मुलाच्याच फोनमधे राहू द्या, घाबरून अकाउंट डिलीट करू देऊ नका. पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. हे लिहून झालं की मग ब्लॉक.

पैसे गेले असतील तर १९३० लावा, लगेच, मधल्या सुट्टीची वाट बघू नका. पैसे या खात्यातून त्या खात्यात फार पटकन पुढे सरकतात, बँकेला ते मधेच गोठवता यावेत म्हणून ही हेल्पलाइन आहे. सोबत राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, महिला आणि मुलांच्या बाबतीतल्या तक्रारीला तिथे नाव न देण्याचीही सोय आहे. मूल खूप घाबरलेलं असेल तर चाइल्डलाइन १०९८, जिवाला धोका वाटला तर ११२.

फोटो पसरायची भीती असेल तर ‘टेक इट डाऊन’ नावाची अमेरिकेतल्या एनसीएमईसी संस्थेची फुकट सेवा आहे, अठराच्या आतल्या वयात काढलेल्या फोटोंसाठी. फोटो मुलाच्या फोनमधेच राहतो, त्याचा नुसता डिजिटल ठसा तयार होऊन पुढे जातो आणि सहभागी प्लॅटफॉर्म तो फोटो ओळखून काढून टाकतात. स्टाफपैकी कोणावर अशी वेळ आली तर मोठ्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ आहे, पद्धत तीच.

लैंगिक प्रकार असेल तर ‘आपण शाळेतच मिटवू’ हा पर्याय उरत नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२, कलम १९, पोलिसांना कळवणं बंधनकारक, आणि न कळवणं हा गुन्हा. संस्थेचं नाव खराब होईल म्हणणारे एकदोन जण नक्की भेटतील, त्यांच्यासमोर कायद्याची छापील प्रत ठेवा, माझ्या ड्रॉवरमधे कायम असते. पालकांना बोलावताना फोनवर सविस्तर सांगू नका, रस्त्यात गाडी चालवत येतात माणसं, या म्हणा फक्त, मूल सुखरूप आहे हे मात्र आधी सांगा. आणि बाबांचा पहिला राग मुलावर निघणार हे धरून चाला, मधे उभं राहायची तयारी ठेवा.

पोलिस ठाणं कुठलं यावरून अडू नका. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण ही तीन वेगळी पोलिस दलं आहेत, शाळा एकीकडे, मुलाचं घर वाकडला, हे नेहमीचंच. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकलंत तर झीरो एफआयआर म्हणा, कुठल्याही ठाण्यात नोंदवून पुढे पाठवता येतो.

मुलाचं नाव स्टाफरूममधे काढायचं नाही. अगदी ‘तो आठवी ब मधला’ इतकंही नाही. डबे उघडले की तोंडंही उघडतात हे आपल्याला माहितीये.

एप्रिलमधे

निकालाआधी एक दुपार राखून ठेवा. दहावीचे ग्रुप बंद, सोडून गेलेल्या शिक्षकांची अकाउंट बंद, सीसीटीव्हीचं लाइव्ह ज्यांच्या फोनवर नको त्यांच्याकडून काढणं, वायफायचा पासवर्ड नवा, कपाटातल्या पाकिटातले कोड नवे. वहीत तारीख घाला. पुढच्या वर्षी ही ओळ दुसऱ्या कोणाच्या नावापुढे गेली तर वही त्यांच्या हातात द्या आणि शाळेच्या जीमेलचा रिकव्हरी नंबर तुमचा स्वतःचा नाही ना, ते त्यांच्यासमोरच उघडून दाखवा. मी दोन वर्षांपूर्वी बघितला, तेव्हा तो माझाच होता.